सिद्ध झालेलं इंजिन

सुलभा, तुझ्या संस्थेनं तुझ्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळली. तुला सलग दोन मिनिटं गप्प बसलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही, तेव्हा ती शांतता नेमकी कुणाची होती हे मला काही कळलं नाही. मग एक साहेब उठले आणि म्हणाले, बाई फार मृदुभाषी होत्या. मी मागच्या रांगेत होते. हसू असं उसळलं की पदराचा बोळा तोंडात कोंबावा लागला. शेजारच्या बाईंना वाटलं मी हुंदके देतेय, त्यांनी पाठीवरून हात फिरवला. हात फिरल्यावर मात्र मी खरंच रडायला लागले. ते मला मुळीच आवडलं नाही आणि त्याचा दोष मी तुझ्याच माथी मारते.

मृदुभाषी म्हणे. पहिल्या भेटीत तू मला काय म्हणाली होतीस ते त्या साहेबांना ऐकवायला हवं होतं.

वेल्ह्याकडं जायचं तर माणूस नसरापूरच्या फाट्यावर उतरतो. तू एसटीत कसला तरी कागद वाचत बसलीस आणि उतरलीस पुढं कापूरहोळला, आमच्या हाटेलाच्या दारात. उन्हाळ्याची दुपार होती. खांद्याला पिशवी, हातात काचेच्या नळ्यांचं खोकं, आणि चेहरा असा की तू बरोबर उतरलीस, फाटाच चुकीच्या जागी बांधलाय. चहा मागितलास आणि लगेच विचारलंस, राजगडाच्या अंगानं ज्या धनगरांच्या वाड्या आहेत तिथं गुरं किती असतील. मी म्हटलं, बाई, इतकी की सकाळी सगळी एकदम हंबरली तर पुण्यातल्या घड्याळांचे काटे पुढं सरकतात. शेण किती पडतं, तू विचारलंस. मी म्हटलं, पावसाळ्यात पायवाट सापडत नाही, माणसं वरून जी घसरतात ती थेट पायथ्याच्या पाली गावात, देवळात नमस्कार घालत पोचतात.

तू पेनाला टोपण लावलंस. "तुमच्यासारख्या माणसांमुळं या देशात एक आकडा धड मिळत नाही," म्हणालीस, आणि त्याच दमात, "उद्या माझ्याबरोबर वर याल का?"

अशी तू. आधी थोबाडीत, मग नोकरी.

मी आले, कारण त्या वाड्या मला पाठ होत्या. माझे अब्बा भोरच्या बाजारात बकऱ्यांचा धंदा करायचे. धनगरांच्या कुठल्या घरी कुठली शेळी व्यायली हे आमच्या घरी आधी कळायचं, त्या घरात नंतर. सरकारनं तुझ्या संस्थेला संशोधनासाठी पैसा दिला होता आणि त्यातून वाडीवरचं काम बघायला एक स्थानिक बाई नेमायची मुभा होती. हाटेलाच्या गल्ल्यावर नवऱ्याला बसवून ती बाई मी झाले. नवरा म्हणाला, शेण मोजायला सरकार पगार देतं? मी म्हटलं, उगाच नाही, हे विमानात घालायचं शेण आहे. पुढचा आठवडाभर तो गिऱ्हाइकांना तसंच सांगत होता.

तुझा प्रयोग सांगायला सोपा होता आणि तू तो कधी सोपा करून सांगितला नाहीस, म्हणून मी सांगते. शेण, भाताचा पेंढा आणि रानातला पालापाचोळा टाकीत एकत्र कुजवून गॅस करायचा. त्या गॅसवर इंजिन चालवायचं. इंजिनानं खालच्या झऱ्याचं पाणी वर वाडीला चढवायचं. टाकीत जी स्लरी, म्हणजे पातळ राड, उरते ती भाताच्या रोपांच्या वाफ्यात घालायची. आमच्याकडं पेरणीआधी त्या वाफ्यांवर फांद्या, पाला, शेण्या पसरून पेटवतात; त्याला राब भाजणं म्हणतात. एक वाफा भाजायला डोंगराचा एक खांदा बोडका होतो. तुझ्या हिशोबात झाड तोडायचं नव्हतं, धूर नव्हता, काही वाया जायचं नव्हतं. तू खडू घेऊन ठकाबाईच्या घराच्या भिंतीवर एक मोठं वर्तुळ काढलंस आणि त्यावर लिहीत गेलीस: गुरं, शेण, गॅस, स्लरी, भात, पेंढा, परत गुरं.

ठकाबाई म्हणजे वाडीतली सगळ्यात जुनी बाई. राजगड बांधताना दगड उचलायला तिची आजी होती, असं मी लोकांना सांगते. ठकाबाई म्हणते, आजी न्हाई, मीच व्हते. ती कमरेवर हात ठेवून वर्तुळ बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यात बाईमानूस कुठाय?"

"बाई कशाला?" तू म्हणालीस.

"शेन उचलाया."

 खडूनं वर्तुळाच्या कडेला एक ठिपका काढलास.

"लई बारीक काढली वं," ठकाबाई म्हणाली.

त्या दिवसापासून पालीत तुझं नाव शेणबाई पडलं. ते पार हायवेवरच्या किकवीपर्यंत कसं पोचलं हे तू मला नेहमी विचारायचीस. टेम्पोवाल्यांनी पोचवलं असेल.

इंजिन वर न्यायला रस्ता नव्हता. वाशाला बांधून गड्यांनी खांद्यावर घेतलं आणि देवाची पालखी चढवावी तसे आरोळ्या देत निघाले. मी ही गोष्ट सांगताना शंभर माणसं म्हणते. तू शेजारी असलीस की मधेच तोडायचीस, "दहा." मी म्हणायचे, बरं, दहा, पण एकेक दहा जणांएवढा. तू मान फिरवून हसायचीस. मला दिसू नये म्हणून मान फिरवायचीस, आणि मला दिसायचं.

पहिल्यांदा पाणी वर चढलं तो दिवस मी आजवर एका अक्षरानंही फुगवून सांगितलेला नाही, कारण त्याला जागाच नाही. बायका रिकामे हंडे घेऊन ओळीनं उभ्या. नळी आधी खोकली, मग थुंकली, मग धार लागली. ठकाबाईनं धारेखाली हात धरला, ओंजळ भरली, प्याली आणि म्हणाली, "ह्ये पानी दमल्यालं न्हाई." कुणाच्या डोक्यावर बसून चढून आलं नव्हतं ना ते. तू पाठमोरी झालीस. यावेळी हसायला नाही. त्या दिवसासाठी मी तुझी जन्माची देणेकरी आहे, हे तुला कधी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, वजनकाटा आण.

वजनकाट्यावरूनच आपण "तुम्ही"वरून "तू"वर आलो. एकदा मी सकाळचं शेण तोललं आणि संध्याकाळचं मनानंच सांगितलं. तू सगळं परत तोलायला लावलंस, अंधार पडेपर्यंत, आणि म्हणालीस, जुलेखा, तू खोटारडी आहेस. मी म्हटलं, आणि तू खडूस आहेस. शिव्या द्यायला "तुम्ही" पुरत नाही, एवढं कळलं आणि मैत्री झाली.

आता भांडणाकडं येते. ते तू अर्धवट टाकून गेलीस, आणि मी सोडणारी नाही.

मुंबईची समिती प्रयोग बघायला येणार होती. त्या सकाळी तू आमच्याकडं चहा प्यायला थांबलीस. आमच्या हाटेलात सगळ्या खात्यांची माणसं जेवतात, आणि साहेब लोक कचेरीत काय बोलतात ते सोड, रस्सा ओरपताना खरं बोलतात. तिथं मी ऐकलं होतं की संशोधनाचा पैसा काम होईपर्यंत असतो. झालं की संपला. म्हणून मी तुझ्यासमोर बसले.

"आज इंजिन नीट चालवू नकोस," मी म्हटलं.

"का?"

"चाललं तर झालं म्हणतील. दोनदा बंद पडू दे. जरा खोकू दे. म्हण, आशा आहे पण अजून काही वर्षं लागतील. तोवर वाडीला पाणी राहील."

"ते खोटं होईल."

"खोटं कशाला. इंजिनालाही एखाद्या दिवशी बरं नसतं."

तू बशी खाली ठेवलीस. "माझा प्रयोग म्हणजे तुझी मिसळ नाही, गिऱ्हाईक बघून तर्री वाढवायला."

मी गप्प बसले. हे माझ्या आयुष्यात दोनदाच झालं.

एरवी ते इंजिन म्हणजे ठकाबाईची म्हैस; दोन शिव्या आणि एक लाथ खाल्ल्याशिवाय हलायचं नाही. त्या दिवशी मेलं पहिल्या फिरकीला सुरू झालं. पाणी चढलं. त्याच गॅसवर चहा झाला. समितीच्या मोठ्या साहेबांनी वाफ्यातली रोपं उपटून मुळं बघितली, पाण्याचा घोट घेतला, गॉगल काढून डोंगर बघितला आणि म्हणाले, अप्रतिम, असं काम देशात नाही. तू लाजलीस. तुला लाजता येतं हे मला तेव्हा कळलं. आणि मग तू अहवालात लिहिलंस ते वाक्य: प्रयोग सिद्ध झाला.

ते वाक्य तू मोठ्या अभिमानानं वाडीवर वाचून दाखवलंस. ठकाबाईनं विचारलं, "सिद्ध झाला म्हंजी? आता समाधी द्यायाची का त्येला?"

सगळे हसले. सगळ्यात जास्त तू हसलीस.

महिना गेला नसेल, समाधीचा कागद आला. प्रयोग सिद्ध झाल्यामुळं संशोधन पूर्ण. संशोधन पूर्ण झाल्यामुळं निधी बंद. तू मुंबईला गेलीस. तिथं म्हणाले, आमचा पैसा शोधायला असतो, चालवायला नसतो. चालवायचं खातं वेगळं. तू त्या वेगळ्या खात्यात गेलीस. ते म्हणाले, आमच्याकडं गोबरगॅसचे मंजूर नमुने आहेत, तुमचा त्यात बसत नाही, यावर आधी संशोधन व्हायला हवं. तू तिथून मला फोन केलास आणि फोनवर नुसती श्वास घेत राहिलीस. मी म्हटलं, हे बघ, हेही वर्तुळच आहे: पैशातून शेण, शेणातून कागद, कागदातून परत शेण, आणि यातही वाया काहीच जात नाही. तू फोन आपटलास. बरोबर केलंस.

मग इंजिनाचा प्रश्न आला. संशोधनाच्या पैशातून घेतलेली वस्तू म्हणजे संस्थेची, आणि संस्थेच्या अशा टिकाऊ वस्तूंना सरकारी भाषेत डेड स्टॉक म्हणतात. रोज वाडीला पाणी पाजणारं, धडधडणारं इंजिन, आणि कागदावर मयत. ते परत आणा, असा हुकूम. तू विचारलंस, वाडीला देता नाही का येणार? संस्थेचे कारकून भले माणूस होते, त्यांनी नियम सांगितला. मोडलेलं असतं तर भंगारात काढून वाडीला देता आलं असतं. चालतंय, त्यामुळं देता येत नाही.

हे ऐकून मी वाडीवर गेले, दोन्ही हातांनी धोंडा उचलला आणि तुला म्हटलं, बाजूला हो. असा घालते की राजगडावर आवाज जाईल. एक घाव, आणि इंजिन वाडीचं. गडी हसायला लागले. त्यांना पटलं होतं. दुरुस्तीला किकवीचा मिस्त्री तयार होता. ठकाबाई म्हणाली, हळू घाल, बाहेरल्या अंगानं घाल, आतड्याला लागू देऊ नको.

तू इंजिनाच्या आडवी उभी राहिलीस. "ही लोकांच्या पैशातली वस्तू आहे," म्हणालीस.

"मग ह्ये कोन हायती?" ठकाबाईनं सगळ्या वाडीवरून हात फिरवला. "लोकंच हायती न्हवं?"

तुझ्याकडं उत्तर नव्हतं. उत्तर नव्हतं आणि तरी तू हलली नाहीस. तुझ्यावर मी कशावरून जीव टाकला आणि कशावरून तुला कधी माफ केलं नाही, दोन्हींचं उत्तर हेच एक आहे.

ज्या गड्यांनी ते वर नेलं होतं त्यांनीच ते खाली आणलं. यावेळी कुणी आरोळी दिली नाही. पालीला टेम्पो उभा होता. निघताना तुला तहान लागली. ठकाबाईनं तांब्या भरून दिला आणि म्हणाली, "प्या बाई. उद्यापासनं खालनं आनायचंय, पर तुमाला न्हाई म्हनायचं न्हाई." तू तो तांब्या सगळा प्यायलीस, एका दमात, शिक्षा घ्यावी तसा.

तुझ्या शोकसभेनंतर मी संस्थेच्या मागच्या शेडमध्ये डोकावले. आहे ते तिथं अजून. बाजूला पांढऱ्या रंगात नंबर, वर धूळ. आणि त्यावर, सुलभा, तुझ्या सभेच्या उरलेल्या खुर्च्यांची चवड रचून ठेवली होती.

इंजिन खाली आणलं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ठकाबाई झऱ्याच्या वाटेवर हंड्यासकट घसरली. पाय मोडला, वेल्ह्याला कसाबसा बसवला, तो वाकडाच बसला. तू भेटायला आलीस, संत्री घेऊन. ती भिंतीला टेकून बसली होती, त्याच भिंतीला. वर्तुळ अजून अर्धं दिसत होतं. तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं, वाकडा पाय पुढं केला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "ह्ये बगा बाई. सिद्ध झालं."

मी हसले. मला आवरलंच नाही. तू उतरताना पालीपर्यंत वाटेतल्या सगळ्यांशी बोललीस, फक्त माझ्याशी नाही, आणि संत्री तशीच पिशवीत घेऊन आलीस, द्यायची विसरलीस.

त्यानंतर तू अर्ज करत राहिलीस. वर्षामागून वर्षं. दर वेळी नवीन समिती, नवीन नियम, शेण तेच. आणि मग ते उत्तर आलं, जे घेऊन तू सरळ कापूरहोळला आलीस आणि माझ्यासमोर टेबलावर पसरलंस. मी वाचलं. सदर विषयावर काम आधीच पूर्ण झालेलं असून त्यात नावीन्य नाही. पुरावा म्हणून खाली एका अहवालाचं नाव दिलं होतं. तो अहवाल तुझा होता. तुझंच वाक्य होतं: प्रयोग सिद्ध झाला.

मी इतकी हसले की स्वयंपाकघरातून नवरा बाहेर आला. मी म्हटलं, अहो, या बाईनं स्वतःच्या हातानं स्वतःचा गळा दाबलाय आणि आता पोलिसात तक्रार द्यायला आलीय. तूही हसायला लागलीस. आपण दोघी टेबलावर डोकी टेकून हसत होतो, गिऱ्हाइकं बघत होती. मग मी म्हटलं ते म्हणायला नको होतं असं लोक म्हणतील. मी तसं म्हणत नाही.

"त्या दिवशी खोटं बोलली असतीस तर ठकाबाईचा पाय सरळ असता."

तू हसायची थांबलीस. म्हणालीस, "मी फसलं असं लिहिलं असतं, तर पुढच्या प्रत्येकानं वाचलं असतं की हे होतच नाही. देशात कुणी परत करून बघितलं नसतं."

"आता झालं असं लिहिलंयस. कुणी परत केलं?"

 चहा न पिता गेलीस. पुढं कितीदा भेटलो, पण ते तिथंच राहिलं, टेबलावर, गार होऊन.

आजारात तुला भेटायला आले तेव्हा डब्यात शिरखुर्मा आणला होता. तू दोन चमचे खाल्लेस आणि विचारलंस, वाडीवर पाणी कोण भरतं. काय सांगायचं? मी सांगितलं, अगं, नवीन इंजिन आलंय. कसल्या तरी योजनेतून. दिवसभर चालतं. पाणी इतकं की ठकाबाईनं बदकं पाळलीत, भाताला नको म्हणतात लोक. तुझे डोळे मोठे झाले. ओठ हलायला लागले. मी वाकून ऐकलं तर तू गुरं आणि शेण यांचा हिशोब घालत होतीस. मग थांबलीस.

"एवढ्या शेणात दिवसभर चालत नाही," म्हणालीस. "थापाडी."

आणि तोंड भिंतीकडं केलंस. पण सुलभा, मी तुला ओळखते. हिशोब घातलास म्हणजे तेवढ्यापुरतं तुला खरं वाटलं होतं. मी 'तासभर चालतं' एवढ्यावर थांबले असते तर तू सुखानं गेली असतीस. दिवसभर म्हणायची हौस मला नडली.

तुझं काही चुकलं का, हे तुला मला विचारायचं होतं. तू विचारलं नाहीस. माझं उत्तर तयार होतं. मी ते दिलं नाही. नंतर तुझ्या भावाचा फोन आला.

आता ऐक. तू गेल्याला दोन आठवडे झाले नसतील, आमच्या हाटेलासमोर पांढरी गाडी थांबली. दोन तरुण पोरं, एक मुलगी, गळ्यात ओळखपत्रं, मांडीवर लॅपटॉप. हल्ली हवामान नावाचा नवा देव आलाय, त्याच्या नावानं सरकार संशोधनाला पैसा सोडतं. धूर नको, काही वाया जायला नको, सगळं फिरून परत वापरात यायला हवं. मुलगी मला हे समजावून सांगत होती, वहीवर वर्तुळ काढून. मी अगदी नवीन ऐकल्यासारखी मान हलवली. त्यांना राजगडाच्या बाजूची एखादी वाडी हवी होती. मी त्यांना वर घेऊन गेले.

ठकाबाई दारात बसली होती, वाकडा पाय उन्हात. पोरांनी गुरं मोजली, झरा बघितला, खूश झाली. मग त्यांच्यातला मोठा जरा अवघडून म्हणाला, "मावशी, एक अडचण आहे. कागदात दिसतंय की इथं आधी असाच प्रयोग झाला होता. यशस्वी झाला म्हणतात. तसं असेल तर आम्हाला इथं पैसा मिळणार नाही. नेमकं काय झालं होतं?"

 वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं काय झालं होतं. त्या पाण्यावर तिथली पोरं वाढली होती. ठकाबाईनं माझ्याकडं बघितलं. वाकडा पाय जरा पुढं सरकवला.

"कसलं यशस्वी," मी म्हटलं.

आणि सुलभा, मग मी सुटले. सांगितलं, टाकी पहिल्याच महिन्यात फुटली, शेण उडालं ते राजगडाच्या बालेकिल्ल्यावर पडलं, गडावर आलेल्या पोरांना वाटलं स्वर्गातून प्रसाद पडतोय. म्हशी ज्या उधळल्या त्या किकवीला हायवे ओलांडून गेल्या. इंजिन तर एक दिवस चाललं नाही. बाई रोज त्याला आरती ओवाळायची. पोरं हसून हसून लोळायची बाकी राहिली. ठकाबाई म्हणाली, व्हय, पार वाया गेलं, आमाला लई तरास झाला. गड्यांनी माना डोलावल्या. तुझ्यावर सगळी वाडी हसत होती, मोठ्यानं, आणि मला दिसत होतं कोण कोण डोळे पुसतंय. पोरांना वाटलं, हसून पाणी आलंय.

"पण अहवालात तर सिद्ध झालं असं लिहिलंय," मुलगी म्हणाली.

"लिहायला काय लागतं," मी म्हटलं. "बाई खोटं बोलायची."

हे तुझ्याबद्दल बोलले. मी. तुझ्याबद्दल.

त्यांच्यातल्या मोठ्या पोरानं ते टाइप केलं. मग विचारलं, त्या बाईंशी एकदा बोलता येईल का. मी म्हटलं, नको. त्यांना फार लाज वाटते त्याची.

परवा त्यांचा फोन आला. वरच्यांना पटलंय, आधीचा दावा संशयास्पद धरलाय, म्हणून हा प्रयोग नवा ठरतो. इंजिन पावसाळ्याआधी येईल. तुझं नाव आता वाडीत कुणी काढायचं नाही, असं ठरलंय. ठकाबाईनंच ठरवलं. बोलता बोलता एखाद्याच्या तोंडून निघायचं आणि त्या पोरांच्या कानावर जायचं, की खरंच चाललं होतं. मग इंजिन जाईल. पाणी चढेल त्या दिवशी सगळ्यांना तूच आठवशील, आणि सगळे दुसरीकडं बघतील.

म्हणून मी वाडीचं नाव इथं घातलेलं नाही. हे कुणी साहेबांनी वाचलंच तरी माझं काय बिघडतं. कापूरहोळच्या हाटेलवालीचं बोलणं कुणी खरं धरलेलं नाही, पुढंही धरणार नाही. पण तू तशी नव्हतीस, तुझ्या नावापुढं लिहिलेलं लोक खरं धरतात. तेव्हा आणखी एक गोष्ट मला इथं लपवावी लागली. सुलभा हे तुझं नाव नाही. तुझं नाव मी सबंध लेखात एकदाही लिहिलेलं नाही, आणि यापुढं हाकही मारता यायची नाही.